हातोडी न मारलेली जागा

गाड्या तपासायच्या केंद्रात मी बावीस वर्षं आहे. खड्ड्यात उतरायचं, डोक्यावरची गाडी खालून बघायची, ती रस्त्यावर चालवण्यालायक आहे की नाही ते ठरवायचं आणि सही करायची. लोक पाठीमागे मला ‘नापासमास्तर’ म्हणतात. म्हणोत बापडे. गाडीवाल्यांची गोड बोलणी ऐकून सही करणारा मी नव्हे, असं मी सगळ्यांना सांगत आलोय.

आज सकाळी दहाच्या सुमारास खड्ड्यावर एक स्पोर्ट्स कार आली. दोन सीटची, जुनी, तीन मालकांच्या हातून गेलेली. वरून नवरीसारखी नटवलेली. खाली, मागच्या चाकाचा दांडा सांगाड्याला जिथे जोडलेला असतो, तिथे जाड काळा रंग फासलेला, अगदी ताजा. ताजा रंग दिसला की तिथे हातोडी मारून बघायची, हा आमचा नियम. मी मारली. टण्ण आवाज यायला हवा होता. हातोडी सरळ आत गेली आणि मूठभर गंज माझ्या चष्म्यावर पडला. वरून कीर्तन, आतून तमाशा!

“हा रंग कुणी दिला?” मी मालकाला विचारलं.

“पुलाजवळच्या गॅरेजवाल्याने. या गाड्यांचं काम तोच करतो.”

गेल्या गुरुवारी मी याच मॉडेलची एक लाल गाडी पास केली होती. पुलाजवळच्या गॅरेजवाल्यानेच रंगवलेली. माझ्या दादाची.

दादा निवृत्त झाला आणि शिंगं मोडून वासरात शिरला. कुणाकडून तरी ही लाल भवानी घेऊन आला. गुरुवारी मी तिच्याखाली हातोडी उचलली, तेवढ्यात तो वरून ओरडला, “अरे ए, कालच रंग दिलाय! टवके काढशील!” ब्रेक चांगले होते, दिवे चांगले होते, टायर कोरे होते. मी बोटाने टकटक केलं, शेजाऱ्याच्या दारावर करावं तसं, आणि सही ठोकली. हजारो परक्यांच्या गाड्या बडवल्या, सख्ख्या भावाची तेवढी सोडली. गाढव आहे मी, दुसरं काय!

मी तसाच गंजाने माखलेल्या हातांनी दादाला फोन लावला.

“दादा, गाडी कुठेय?”

“चिमणी घेऊन गेली की, नऊलाच. घाटापलीकडे नोकरी लागलीय ना तिला. का रे?”

चिमणी म्हणजे त्याची मुलगी. चोवीस वर्षांची झाली तरी आम्हाला चिमणीच.

“तिला थांबव. खालून कुजलीय ती गाडी. उतारावर जोरात ब्रेक मारला तर मागचं चाक निखळेल.”

“गुरुवारी तर पास केलीस!”

“मी नीट बघितली नाही, दादा.”

मग तो म्हणाला, “तिची आई नकोच म्हणत होती. जुनी गाडी, त्यात घाट. मी तुझा कागद पुढे केला. काकाने बघितलीय म्हटल्यावर ती गप्प बसली.” साठीचा माझा भाऊ फोनवर हमसून रडायला लागला.

मी चिमणीला अकरा वेळा फोन केला. तिने उचलला नाही. गाडी चालवताना ती फोन उचलत नाही. तिला गाडी शिकवली मीच, आणि हेही मीच शिकवलं. घाट सुरू व्हायला घरून गाडीने दोन तास लागतात. घड्याळात सव्वादहा झाले होते.

मग मी महामार्ग पोलिसांना फोन लावला. लाल गाडी, दोन सीटची, आत एकटी मुलगी, घाटाआधी थांबवा.

“कारण काय?” पलीकडच्या माणसाने विचारलं.

आमचे साहेब दारातच उभे होते. खड्ड्याभोवतीचे सगळे माझ्याकडे बघत होते. नोकरी गेली खड्ड्यात.

“मी तपासनीस आहे. ती गाडी मी न तपासता पास केलीय,” मी मोठ्याने सांगितलं.

“घाटाच्या तोंडाशी चौकी आहे. कळवून ठेवतो. मध्येमध्ये फोन करून विचारत राहा.”

साडेदहापर्यंत मी तीनदा विचारलं. चौथ्यांदा लाइनवर असतानाच चिमणीचा आवाजी निरोप येऊन पडला. मी पोलिसांचा फोन कट केला आणि तो निरोप लावला.

“काका, तुमचा फोन बिझी लागतोय. एवढे मिसकॉल कशाला? पोचतेय मी, काळजी नको. आणि ऐका ना, इथे चौकीवर एकाने अडवलं. लाल गाडी थांबवायचीय म्हणे, का ते त्यालाही धड ठाऊक नाही. मी तुमचा कागद दाखवला. गुरुवारची तारीख, शिक्का, सही. बघून म्हणाला, मग काय प्रश्नच नाही, जा. काका, काय वट आहे हो तुमच्या सहीची! चला, निघते.”

एवढ्यात घाट कसा आला? रस्ता मोकळा असणार, गाडी वेगाची. तिला लावला, तिने उचलला नाही. मी पुन्हा पोलिसांना फोन लावला आणि बोंब मारली, “अहो, तुमच्या माणसाने सोडलं तिला!”

“कागद बरोबर होता म्हणतो तो.”

“खोटा आहे तो कागद!”

“सही तुमचीच आहे ना?”

“माझीच आहे हो, माझीच! पुढच्या नाक्यावर तरी अडवा. कुठे आहे पुढचा नाका?”

“घाट उतरल्यावर,” तो म्हणाला.