नंबर नसलेला निळा

निळा म्हणजे निळा, असं म्हणणाऱ्या माणसाशी मी फार वेळ बोलत नाही. अडतीस वर्षं मी अक्कलकोट रोडवरच्या एका चादरीच्या कारखान्यात रंगमास्तर होतो, आणि सकाळच्या उजेडात खिडकीपाशी सुताची लडी धरून ती शेड कार्डावरच्या कुठल्या नंबराची आहे हे सांगायला मला कधी दुसऱ्यांदा बघावं लागलं नाही. निवृत्त झाल्यावरही अंगठ्याचं नख कितीदा वाढलं, कितीदा कापलं, तरी त्याच्या मुळाशी एक निळी रेघ राहायचीच. माझी बायको नागव्वा शेजारणींना कौतुकानं सांगायची, "आमच्या मालकांची सही हाय ती."

माशांचं वेड शिवानीनं लावलं. शिवानी आमची मुलगी, पुण्याला असते. दिवसभर आईवर चिडचिड करण्यापेक्षा मासे तरी पाळा, असं तिनं फोनवर सुनावलं. विजापूर वेशीतल्या ताबीशच्या दुकानात गेलो आणि नेमका नको त्या माशावर जीव जडला. सिक्लिड जातीचे, बोटाच्या दोन पेरांएवढे, आणि अंगभर एकच निळा. ताबीशनं हातच जोडले. हा रंग निसर्गातला नव्हे, माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या निवडून काढलेला, म्हणून मासा फार नाजूक, आपल्या सोलापूरचं जड पाणी त्याला सोसायचं नाही, चाचा, दुसरं काहीतरी न्या, असं त्यानं परोपरीनं सांगून पाहिलं. रंगाबद्दल मला कुणी शिकवलेलं खपत नाही. मी सहा मासे घेऊन आलो.

मग सुरू झाली साडेसाती. नळाला पाणी पाच दिवसांनी, तेही क्षाराचं. मी फिल्टरचं पाणी आणि नळाचं पाणी मापानं मिसळायला लागलो, ताबीशनं सांगितली तशी देशी बदामाची वाळकी पानं टाकीत सोडायला लागलो, आणि पाणी फिक्या चहासारखं झालं की समाधानानं मान डोलवायला लागलो. एवढं करूनही मासे विटत चालले. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी रोज त्यांचा शेड कार्डावरचा नंबर लिहायचो, एक म्हणजे सगळ्यांत फिका, बारा म्हणजे सगळ्यांत गडद. सात, सहा, चार. तिसऱ्या आठवड्यात ते धुतलेल्या धोतरासारखे दिसायला लागले आणि माझं जेवणातलं लक्ष उडालं.

नागव्वाला दया आली. माशांची की माझी, देव जाणे. ती टाकीपुढं स्टूल टाकून बसू लागली, आणि मेथी निवडता निवडता, शेंगा फोडता फोडता त्यांच्याशी कानडीतून बोलू लागली. माहेरच्या गोष्टी, आमच्या लग्नाच्या गोष्टी, शिवानीच्या बाळपणाच्या. मी हसायचो. पण पंधरा दिवसांत मासे सातावर आले, मग दहावर, आणि एके दिवशी कार्डावरच्या शेवटच्या, बाराव्या नंबराच्याही पलीकडे गेले. मी फुशारकीनं ताबीशला बोलावून दाखवलं. तो बराच वेळ टाकीपाशी वाकून उभा राहिला. "चाचा, वय झालं की ह्यांचा रंग उतरतो. चढत नाही," एवढंच म्हणाला आणि केलेला चहा न घेता गेला.

त्या निळ्याला नंबर नव्हता, तरी तो माझ्या ओळखीचा होता. दोन दिवस डोकं खाजवलं आणि तिसऱ्या दिवशी आंघोळ करताना एकदम आठवलं. लग्नाआधी, कारखान्यात नवा असताना, सायबाला न सांगता मी एका लुगड्यापुरतं सूत रंगवलं होतं आणि नागव्वासाठी विणून घेतलं होतं. तसा निळा मला पुन्हा कधी साधला नाही. मी ओल्या अंगानंच ट्रंक उघडली.

लुगड्याचे लाल काठ जसेच्या तसे होते. मधलं सगळं अंग पांढरं होतं. विटलेलं कापड मी जन्मभर पाहिलंय. ते आधी घडीवर विटतं, कुठं डाग राहतो, कुठं पिवळेपणा येतो. इथं तसलं काही नव्हतं. त्या सुताला रंग कधी लागलाच नव्हता.

लुगडं घेऊन मी नागव्वापुढं उभा राहिलो. तिनं हातातली शेंग फोडली, वर बघितलं आणि म्हणाली, "पांढरंच होतं की हो ते."

आमच्या धंद्यात पहिल्याच दिवशी कळतं की सूत जसजसा रंग ओढतं तसतसा हौदातला रंग उतरून पाणी नितळ होत जातं. रंग नवा तयार होत नाही, तो फक्त जागा बदलतो. मी इतके दिवस माशांकडेच बघत बसलो होतो. गेल्या महिन्यात नागव्वा शेजारणीचं नाव विसरली, पुरणात गूळ घालायचा विसरली, आणि मी मेला त्याला वय म्हणत होतो.

मासे तडक ताबीशकडे पोचवायचे म्हणून बादली काढली, आणि त्या घाईत तीत नुसतं नळाचं पाणी भरलं. पहिला मासा जाळीनं तीत सोडला. तो दोनदा वळला, आडवा झाला, आणि माझ्या डोळ्यांदेखत तांदळाच्या दाण्यासारखा पांढरा पडला. आत फोन वाजत होता. नागव्वानं तो घेतला, थोडा वेळ ऐकलं, मग फोनवर हात ठेवून मला विचारलं, "ही शिवानी म्हणतीया. शिवानी म्हणजे कोण हो?"

तेव्हापासून उरलेले पाच मासे मी तळहातावरच्या फोडासारखे जपले. जे त्यांच्यात गेलं होतं ते त्यांच्या जिवात जीव आहे तोवरच होतं. नागव्वाला टाकीपुढं बसू द्यायचं नाही म्हणून स्टुलावर मीच ठाण मांडलं. बेचाळीस डिग्रीच्या उन्हाळ्यात टाकीवर ओली फडकी बदलत राहिलो. आणि बसल्या बसल्या तिला ऐकू जाईल अशा बेतानं मोठ्यानं बोलायला लागलो. लुगड्याचं, लग्नाचं, शिवानीच्या जन्माचं, तिला आठवत नव्हतं ते सगळं, रोज, पहिल्यापासून. तिच्या डोळ्यांत काही उमटत नव्हतं. मासे मात्र आणखी गडद झाले, आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं.

आज नळाला पाणी आलं. मी मापानं पाणी मिसळत होतो तेव्हा नागव्वा आंघोळ करून, वेणी घालून बाहेर आली. मला बघून थबकली, पदर डोक्यावर घेतला आणि अदबीनं स्टूल पुढं केलं.

"बसा की," ती म्हणाली, "आमचे मालक येतीलच इतक्यात."

मी बसलो. पाचही मासे काचेपाशी आले, माझ्याच बाजूला. त्यांना खायला घालताना अंगठ्याकडे नजर गेली. नख मुळापर्यंत स्वच्छ होतं. तिथं काहीतरी असायचं असं वाटलं, पण काय ते काही केल्या ध्यानात येईना.

बाई समोर भिंतीला टेकून बसल्या. मग आम्ही दोघं मालकांची वाट बघत राहिलो.