हिराबायचा पेटारा

निवेदन असे होते: "'खाडीपार' मालिकेचा शेवट पहिल्या दिवसापासून ठरलेला होता. हिराबायचा पेटारा रिकामाच निघणार, हे पहिल्या भागाची पहिली ओळ लिहिण्याआधी निश्चित झाले होते. चौथ्या आणि अखेरच्या भागाने चाहत्यांना दिलेला शब्द पाळला आहे." खाली कंपनीचे बोधचिन्ह, आणि नाराज चाहत्यांनी मोठ्या मनाने समजून घ्यावे अशी नम्र विनंती.

डॉ. वैजयंता साळवे यांनी हे निवेदन मोबाइलवर वाचले, पुन्हा वाचले आणि चष्मा काढून ठेवला. बाईंनी चष्मा काढला की समोरच्याची सालटी निघणार, हे त्यांच्या हाताखाली पीएच.डी. केलेले सगळे जाणून होते.

'खाडीपार' हा मीरा रोडच्या एका लहानशा कंपनीने काढलेला, संगणकावर खेळायचा साहसखेळ. हिराबाय नावाची म्हातारी होडीवाली एक कुलूपबंद पेटारा घेऊन घोडबंदरच्या खाडीतून निघते. किल्ल्यातल्या पोर्तुगीज कप्तानाचा समंध, नाक्यावरचे जकातवाले, वाळूचोर आणि एक नगरसेवक असे सगळे त्या पेटाऱ्यावर टपलेले. खेळणाऱ्याने कोडी सोडवत म्हातारीला पलीकडे न्यायचे. तीन भाग झाले तरी म्हातारी पोचली नव्हती आणि पेटारा उघडला नव्हता. त्यात काय आहे यावरून मित्रामित्रांत अबोले धरले गेले होते.

चौथ्या भागात ती पोचली. पेटारा उघडला. आत काही नव्हते. काळ्या पडद्यावर अक्षरे उमटली: 'शोध हाच खजिना.' आणि मग बासरी वाजू लागली. लेखकाला काही सुचले नाही की बासरी वाजते, असे वैजयंताबाईंचे जुने मत होते. त्याला आणखी एक पुरावा मिळाला.

खरे तर बाईंनी पेढे वाटायला हवे होते. 'रिक्त पेटारा' हे त्यांचे पुस्तक तिसऱ्या भागानंतर निघाले होते, आणि पेटारा रिकामा असणे कसे अटळ आहे, हे त्याच्या चौथ्या प्रकरणात सविस्तर सिद्ध केले होते. साळवेबाई आता पोरांच्या खेळण्यांवर ग्रंथ लिहू लागल्या, असे तेव्हा विभागात कुजबुजणारे सहकारी आता हात जोडून अभिनंदन करत होते. प्रकाशकाने दुसरी आवृत्ती काढायला घेतली होती, आणि कंपनीचे निवेदन मलपृष्ठावर छापायचे असा त्याचा आग्रह होता. बाईंनी फक्त गप्प बसायचे होते. निवेदन खरे मानले की पुस्तक खरे, आणि विभागातली सगळी टिंगल एका फटक्यात फिटली.

"अगं, तुझंच खरं ठरलं," त्यांचे यजमान बापूराव म्हणाले. "मग कारलं चावल्यासारखं तोंड का?"

"खरं ठरलं तेच पटत नाहीये."

"लिहिलंस तेव्हा पटलं होतं की."

पुस्तक लिहिणाऱ्या बाईला पेटारा रिकामा असणार हे ठाऊक होते. खेळणारी बाई मात्र आत काय आहे म्हणून खुर्चीच्या टोकावर येऊन बसली होती, आणि झाकण उघडले तेव्हा पंगतीत बसवून रिकामे पान पुढे ठेवावे तसे तिला झाले होते. शिवाय त्या वाढल्या त्या परभणीच्या घरात दिवस बुद्धवंदनेने सुरू होई. शून्यता हा शब्द त्यांनी कुठून उसना आणलेला नव्हता. शून्यता म्हणजे काहीच नसणे नव्हे, हे त्या दरवर्षी वर्गात कानीकपाळी ओरडून सांगत. त्या शब्दामागे कोणी आपला आळस लपवावा, हे त्यांना सहन होण्यासारखे नव्हते.

म्हणून त्यांनी आधीचे तिन्ही भाग पुन्हा खेळून काढले आणि निवेदनाची एकेक वीट काढायला घेतली. पहिल्या भागात पेटारा ठेवताच होडी एका अंगाला कलते. ती सरळ करायला दुसऱ्या बाजूला जत्रेचा बोकड उभा करावा लागतो. दुसऱ्या भागात जकातवाला पेटारा एकट्याने उचलायला जातो आणि कमरेला हात लावून खाली बसतो. त्याच भागात पाऊस येतो, तेव्हा हिराबाय स्वतः भिजत उभी राहते आणि हाताशी असलेली एकुलती ताडपत्री पेटाऱ्यावर घालते. पहिल्या दिवसापासून रिकाम्या ठरलेल्या पेटाऱ्याचे एवढे लाड कोणी करत नाही. निवेदन खोटे होते. आणि ते खोटे, तर चौथे प्रकरणही त्याच होडीत बसलेले होते, हे बाईंना दिसत नव्हते असे नाही.

कंपनीचे कार्यालय मीरा रोडला, बाई राहत त्याच बेव्हर्ली पार्क वसाहतीत, दोन गल्ल्या सोडून, एका भाड्याच्या फ्लॅटमध्ये होते. दुपारी बाई तिथे गेल्या. दार उघडले ते स्वरूपने. मालिकेचे सारे लेखन त्याचे. मूळचा जवळच्याच मुर्धा गावच्या कोळ्यांचा हा मुलगा. हिराबायला आवाजही त्याच्या आईने, शांताबाईंनी, दिलेला. बाईंना पाहून त्याने घाईघाईने खुर्चीवरचे टॉवेल उचलले, चहा मागवू का म्हणून विचारले, आणि नको म्हटल्यावरही मागवला.

बाईंनी पुरावे मांडले. स्वरूप म्हणाला की निवेदन त्याचा भागीदार जयकुमारने लिहिले आहे, आणि जयकुमार दुसऱ्या भागाच्या पुढे कधी गेलेला नाही. बाई म्हणाल्या, ते वाचताना लक्षात आले होते. मग त्याने दुसरा रस्ता धरला.

"मॅडम, ते वजन कसं आहे ना, सिंबॉलिक आहे."

"प्रतीकं माझ्याकडे भरपूर आहेत. तुमच्याकडे बोकड आहे. त्याच्याबद्दल बोला."

स्वरूपने खण उघडून एक पुस्तक काढले. 'रिक्त पेटारा'. पानांचे कोपरे दुमडलेले, चौथे प्रकरण पेन्सिलीच्या रेघांनी काळे झालेले.

"शेवट इथून घेतलाय," तो म्हणाला.

बाईंनी पुस्तक हातात घेऊन चौथे प्रकरण चाळले. चार दिवस ज्या माणसाला त्या मनातल्या मनात उभा-आडवा चिरत होत्या, त्याने आपल्याच प्रकरणाला चित्रे काढून आपल्यालाच विकली होती, हे पचायला थोडा अवधी लागला. पैसे त्यांनी आगाऊ भरले होते.

"बासरीही माझ्याच पुस्तकातली का?"

"नाही मॅडम. बासरी आमची."

"एवढं तरी बरं झालं." चहा आला. त्यांनी तो बाजूला सरकवला. "माझं पुस्तक येण्याआधी आत काय होतं?"

"सोडा ना, मॅडम. लोक हसले असते."

"तिसऱ्या भागात काठाकाठाने मांजरी पळतात. होडी वळली की त्या वळतात. मी त्यांना भुकेल्या स्मृती म्हटलंय, पानंच्या पानं लिहिलीत. त्या कोण होत्या?"

स्वरूपने मान खाली घातली. "मांजरीच होत्या, मॅडम."

बाईंनी पर्समधून मोबाइल काढला, टेबलावर ठेवला आणि रेकॉर्डिंग सुरू करू का म्हणून विचारले. तो जसे बोलेल तसे त्या छापणार होत्या, एक अक्षर इकडचे तिकडे न करता. त्याने विचारले की मग चौथ्या प्रकरणाचे काय. ते काढून टाकणार, असे बाईंनी सांगितले. मलपृष्ठावरचे निवेदनही जाणार होते. प्रकाशक रडेल, सहकाऱ्यांना पुढची काही वर्षे पुरेल एवढा विषय मिळेल, हे त्यांनी मनाशी मोजून घेतले होते.

"मॅडम, पण तुमचं पुस्तक मग खोटं पडेल."

"पडू दे. तुम्ही बोला."

दुसरी आवृत्ती ठरलेल्या वेळेला निघाली. चौथ्या प्रकरणाच्या जागी बाईंचे स्वतःचे एकही वाक्य नाही. तिथे एवढेच छापले आहे:

"पेटाऱ्यात जवळा होता. सुका जवळा, थोडे बोंबील, सोडे, सगळी सुकी मासळी. माझी आई दरवर्षी आगोटीला, म्हणजे पाऊस लागायच्या आधी, माझ्या बहिणीकडे नेते ना, तसंच. हिराबाय पण लेकीकडेच चालली होती, दुसरं काही नाही. ते समंध, ते नगरसेवक, सगळे फुकटचे मागे लागलेले. शेवटी लेक पेटारा उघडते आणि म्हणते, यंदा कमी आणलंस. त्यावर हिराबायचं उत्तर आईच्या आवाजात रेकॉर्ड पण झालं होतं: 'पुरवून खा, चार महिनं जायाचं हायत.' बास, संपलं. मग मी मॅडमचं पुस्तक वाचलं. एवढी शिकलेली बाई शून्यता म्हणतेय आणि मी तिला जवळा दाखवणार, म्हणून मला लाज वाटली. पेटारा मी रिकामा केला. आईला अजून सांगितलेलं नाही."