शोशम्माची साक्ष

रविवारी सकाळी सव्वादहाला, पहिलं गीत संपल्यावर, शोशम्मा साक्ष द्यायला उभी राहिली आणि म्हणाली, "माझ्या नवऱ्याची आकडी प्रार्थनेनं थांबलेली नाही. दोन वर्षं मी त्याच्या कालवणात गोळी कुटून घालतेय."

पंपा नदीकाठच्या त्या ख्रिस्ती मंडळीत औषध घेणं म्हणजे देवावर अविश्वास दाखवणं. गोळी घेणाऱ्याला प्रभुभोजन नाही, मेल्यावर मंडळीच्या दफनभूमीत जागा नाही. पुरुषांच्या बाजूला बसलेला तिचा नवरा पाप्पच्चन जागचा हलला नाही. पास्टर ईनोस यांनी हात वर केला आणि सगळे गाऊ लागले. शोशम्मा उभीच होती.

सुरुवात भीतीपोटी झाली होती. पाप्पच्चन रबराच्या झाडांचा चीक काढतो. एका पहाटे तो आकडी येऊन झाडाखाली पडला, तेव्हा साल कापायची सुरी त्याच्या गळ्यापासून वीतभर लांब होती. औषधाचं नाव काढलं की तो पाठ फिरवी. मग बहिणीकडे जाते सांगून ती सरकारी दवाखान्यातून गोळ्या आणू लागली. माशाच्या आंबट कालवणात कडू चव लागत नसे. आकडी थांबली. पास्टरांनी तिला प्रार्थनेनं आकडी थांबल्याची साक्ष द्यायला उभं केलं, शेजारच्या मंडळ्यांतही नेलं. लोक "हालेलूया" म्हणत आणि तिला वाटे, इथं देव कुठला, माझा खलबत्ता आहे. हळूहळू तिची प्रार्थना नुसती ओठांची उरली.

तीच साक्ष ऐकून एलिक्कुट्टी गोळ्या सोडून मंडळीत आली. ही शेजारीण ब्लाउज शिवायची. आकडीचा त्रास तिला लहानपणापासून. मागच्या महिन्यात ती पेटत्या चुलीवर पडली. पास्टर म्हणाले, हिनं कुठलं तरी पाप लपवलेलं असणार.

त्या रविवारच्या आधीच्या शुक्रवारी शोशम्मा तिला बघायला दवाखान्यात गेली. एलिक्कुट्टीचा डावा हात खांद्यापर्यंत बांधलेला होता.

"शोशम्मा चेची, सगळं आठवून पाहिलं मी," ती म्हणाली. "एकदा चोरून सिनेमाला गेले होते. एकदा गिऱ्हाइकाचं उरलेलं कापड ठेवून घेतलं. ह्यापलीकडे काही सापडत नाही गं. तुझं देव ऐकतो. तूच विचार ना, कुठलं पाप ते."

शोशम्मानं डोळे मिटले. प्रार्थनेचं पाठ असलेलं एकही वाक्य ओठांवर येईना. दोन वर्षांत पहिल्यांदाच तिला जाणवलं, समोर कोणीतरी आहे आणि ते वाट बघतंय. ती घाबरली. डोळे उघडून तिनं एलिक्कुट्टीला सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे माझं पाप नव्हतं," एलिक्कुट्टी म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "तू जा आता."

रविवारी घरी आल्यावर पाप्पच्चननं विचारलं, "माझा विश्वास तू चमच्यानं ढवळत होतीस?"

"मेला असतात, अच्चायन."

"विश्वासात तरी मेलो असतो. आता कशाच्या जोरावर जगतोय, ते सांग."

दोन लुंग्या पिशवीत टाकून तो मंडळीच्या सभागृहात उपासाला जाऊन बसला. सोमवारी ती गोळ्या घेऊन गेली, तर मंडळीच्या वडीलजनांनी तिला फाटकातूनच परत पाठवलं. पास्टरांनी जाहीर केलं आहे: येत्या रविवारपर्यंत बंधू पाप्पच्चनला आकडी आली नाही, तर भगिनी शोशम्मानं पवित्र आत्म्याविरुद्ध खोटं बोलल्याचं सिद्ध होईल आणि तिचं नाव मंडळीतून काढलं जाईल.

नळावर तिची थोरली जाऊ म्हणाली, "नवरा धडधाकट राहिला तर तू खोटी, पडला तर तू खरी. आता काय मागतेस गं देवाकडे?"

शोशम्मानं घागर उचलली. "मी खोटी ठरू दे म्हणून मागते."

जाऊ हसली नाही.

शोशम्मा रोज संध्याकाळी सभागृहाच्या कुंपणाबाहेर गुडघे टेकते आणि तेच मागते. आत गाणी चालू असतात. एलिक्कुट्टीनं गोळ्या पुन्हा सुरू केल्या आहेत. शोशम्माला भेटायला तिनं नकार दिला. आज बुधवार. पाप्पच्चनला अजून आकडी आलेली नाही. गोळीही त्यानं घेतलेली नाही.