घोंगडीवर पायताण

जज्जानं माझ्या नवऱ्याला सोडून दिलं, पर पुस्तकवाल्यानं न्हाई सोडलं.

मी सलिमा. परळीत माझा फळांचा गाडा हाय आन गाड्याच्या मागंच जमीलचं गॅरेज. जमील म्हंजी माझा नवरा. आता नाव घेऊनच सांगते, एवढं रामायण झाल्यावर लाजायचं कशाला?

नांदूरघाटाकडचा हरिबा धनगर दर उन्हाळ्याला मेंढरं घेऊन आमच्या बाजूला यायचा. एका वर्षी थर्मलची राख सोडत्यात त्या राखेच्या तळ्याकाठी त्याचा मुडदा सापडला. मानेवर कुऱ्हाडीचा घाव, तोंडावर दोन. त्याच्याच घोंगडीत गुंडाळून वल्ल्या राखेत ढकलून दिलेला. आदल्या दिशी हरिबाचा टेम्पो दुरुस्त करताना जमीलची आन त्याची रस्त्यावर तोंडातोंडी झालती, आन जमीलचा एक पाना तळ्याकाठी सापडला. सापडणारच की! टेम्पो तिथंच बंद पडलता. पर पोलिसांना तेवढंच बास झालं. तळपायावर मारून मारून त्यांनी जमीलला लंगडा केला, अंगठ्याची नखं काढली. गडी कबूल झाला न्हाई. कोर्टानं पुरावा न्हाई म्हणून सोडला. खरा खुनी कोण, ते काय कुणी हुडकलं न्हाई.

मग पुण्याच्या एका लेखकानं त्यावर पुस्तक लिवलं. गावाचं नाव बदललं, माणसांची नावं बदलली, आन खुनी कोण? तर मेकॅनिक! गिऱ्हाइकाशी गोड बोलणारा आन अंधार पडला की कुऱ्हाड काढणारा. पुस्तक लई खपलं, आन नाव बदललं तरी मेकॅनिक म्हंजी जमील हे सगळ्यांनी वळखलं. आंबाजोगाईच्या कॉलेजात पोरं एकमेकाच्या हातातनं वढून वाचायली. एका दुपारी चार पोरं पुस्तक घेऊनच गॅरेजात शिरली. एक पोरगं खुनाचं पान मोठ्यानं वाचत व्हतं आन बाकीचे तिघं जॅकच्या दांड्यानं जमीलला मारत व्हते. पुस्तकात पयला घाव मानेवर असला की हे मानेवर मारायचे. मी गाड्यावरनं कलिंगडाची सुरी घेऊन धावले तवा पळाली मुडदी. जमीलच्या उजव्या हाताची बोटं तवापासनं मिटतच न्हाईत.

आन मग कळलं, त्याच पुस्तकावर पिक्चर निघायलाय, आन शूटिंग आपल्याच तळ्यावर हाय. माझं काळीजच फाटलं. पुस्तक वाचणारे किती, आन पिक्चर बघणारे किती! पुस्तक वाचून हात गेला. पिक्चर लागला की माझा जमील जिता राहत न्हाई, हे मला उन्हासारकं सोच्छ दिसत व्हतं.

मी सरळ डायरेक्टरच्या तंबूत घुसले. अमरसिंह नाव त्याचं. पुण्याचा, गोरापान, बोलायला लोण्यासारका. मी शिव्या दिल्या त्या सगळ्या त्यानं खाली मान घालून ऐकून घेतल्या.

"ताई, मला कळतंय," तो म्हणला. "पण लाखो लोकांनी पुस्तक वाचलंय. शेवट बदलला तर लोक थिएटर फोडतील."

"आन न्हाई बदलला तर माझ्या नवऱ्याचं डोस्कं फोडतील. त्याचं काय बे?"

त्यानं हातातली कागदं बाजूला ठेवली. मग म्हणला, "खरा खुनी कोण ते सांगा. आज सांगा, आज शेवट बदलतो. माझा शब्द."

आता मी कुठनं सांगू? मला म्हाईत असतं तर जमीलची नखं गेली असती का? पर मी घरी न्हाई बसले. दुसऱ्या दिसापासनं गाडा तळ्यावर नेला आन युनिटला केळी, पपई इकाया लागले. म्हणलं, बघू तर खरं, कसं करत्यात माझ्या नवऱ्याला खुनी.

मेंढरं आणलती सटवानं. सटवा म्हंजी हरिबाचा चुलतभाऊ. कोर्टात सगळ्यात जास्त हाच रडायचा, आन जमीलच्या अंगावर हाच धावून जायचा. आडदांड गडी, खांद्यावर कायम कुऱ्हाड. शेळ्या-मेंढ्यांना पाला तोडायला धनगराकडं कुऱ्हाड असतीच. हरिबाची बायको भामाबाई बी आलती. पिक्चरसाठी हरिबाची घरातली दुसरी जुनी घोंगडी तिनंच दिलती. बाभळीच्या सावलीला काठी मांडीवर घेऊन बसली व्हती. माझ्याकडं एकदा बघितलं आन तोंड फिरवलं. तिचं तरी काय चुकलं? तिला सगळ्यांनी हेच सांगितलेलं की जमीलनं तुझा धनी मारला.

मेकॅनिक झालता सत्यम नावाचा हिरो. त्याला कुऱ्हाड धरायला सटवा शिकवत व्हता.

"असं वरनं न्हाई, बाजूनं घाल," सटवा म्हणायचा. "हाडात गेली की अडकती. मग छातीवर पाय देऊन वढाया लागती. लगेच न्हाई निघत."

युनिटवाले खूश. अमरसिंह म्हणला, काका, तुम्ही तर मास्तर आहात. माझ्या अंगावर काटा आला. पर मनाला समजावलं, आयुष्य जनावरात गेलं ह्याचं, ह्याला ठावं असणारच.

शॉट सुरू झाला. खुनाचा शॉट मी कधी बघितला नव्हता, आन अल्ला करो परत बघायची येळ न येवो. सत्यमनं रबराची कुऱ्हाड घातली. हरिबा झालेल्या नटाच्या मानेतनं नळीनं रगात उडालं, पार कॅमेऱ्याच्या काचेवर. नट गुडघ्यावर आला, हातानं मान दाबत राखेत रांगायला लागला. सत्यमनं केस धरून त्याचं तोंड वर केलं आन दोन घाव घातले. नट असा घरघरला की मेंढरं बिथरली. भामाबाईनं पदर तोंडात कोंबला. बाई आपल्या नवऱ्याचं मरण दिवसाढवळ्या बघत व्हती आन पोरं चहा पीत व्हती. मग नटाच्या जागी बाहुला ठेवला. सत्यमनं घोंगडी पसरली, बाहुला त्यावर लोटला आन गुंडाळायला बूट घालूनच घोंगडीवर चढला.

सटवा कुठनं आला ते कळलंच न्हाई. त्यानं सत्यमची गचांडी धरून त्याला खाली आपटला, छातीवर बसला आन तोंडावर बुक्क्या घातल्या. ओठ फाटला, दात राखेत पडला. ते रगात नळीचं नव्हतं.

"घोंगडीवर पायताण? देवाच्या घोंगडीवर पायताण घालतो, भाड्या?"

चौघांनी वढून काढला त्याला. आता हे आमच्याकडं लेकराला बी ठावं हाय. धनगराची घोंगडी म्हंजी देवाची बैठक. तिच्यावर चप्पल घालून कुणी पाय ठेवत न्हाई. माझ्या माहेरात बी घोंगडी व्हती, आमी मुसलमान, पर आमी बी चप्पल काढायचो.

अमरसिंह हात जोडून म्हणला, "काका, माफ करा. पण खुनी मेकॅनिक आहे, त्याला कुठं तुमच्या रीती माहीत? मला बुटाचा ठसाच पाहिजे. पुस्तकातसुद्धा तसंच आहे."

"पुस्तक खोटं हाय!" सटवा वरडला. "घोंगडीवर बूट नव्हता. काढून ठेवलती पायताणं."

लोकांना वाटलं, बिचारा भावासाठी कळवळतोय. कुणी पाणी दिलं, कुणी पाठीवर हात फिरवला. पर माझ्या हातातली पपई खाली पडली.

कोर्टात ती घोंगडी आणलती. उलगडून दाखवली तवा मी पुढंच बसले व्हते. आतल्या बाजूला राखेचा पाय उमटलेला, अनवाणी, पाची बोटं. हरिबाच्या पायात तर मेल्यावर बी चपला व्हत्या. मी आमच्या वकिलाला इचारलं, तर म्हणला, बाई, खाली बसा. सरकारी वकील म्हणला, आधीचा असंल. झालं. मिटलं.

आता सांगा, माणसाचं रगात हातावर असताना कोण पायताण काढून ठेवल? माझा जमील? तो तेलकट बूट घालून माझ्या चुलीपस्तोर येतो, रोज माझ्या शिव्या खातो! न्हाई. ज्याला घोंगडीचं भेव माणसाच्या जिवापेक्षा जास्त, असा कुणीतरी. आन काढून ठेवलती, हे ह्या सटवाला कुणी सांगितलं?

पर मी बोलले असते तर कुणी ऐकलं असतं? खुन्याची बायको म्हणून हाकलून दिली असती. सटवा एका घोटात पाणी प्याला असता आन मेंढरं घेऊन गेला असता. अमरसिंहाला मी म्हणले, "साहेब, तुमच्या पोरांना सांगा, कॅमेरा बंद करू नका. काय बी झालं तरी."

"का हो ताई?"

"कावून ते कळल."

मी भामाबाईकडं बघितलं. मनात म्हणलं, आक्का, माफ कर मला, तुझ्या धन्याची हाय ही घोंगडी. आन मी चपलांसकट घोंगडीवर चढले.

सगळी जागच्या जागी थांबली. भामाबाई काठी टेकून उठली. मी बाहुल्याच्या तोंडावर टाच दिली आन घासली.

"असंच तुडवलं न्हवं हरिबाला?" मी वरडले. "बूट घालून? कुत्र्यावानी?"

"उतर," सटवा म्हणला.

"कावून उतरू? मेकॅनिक व्हता न्हवं? त्यानं बुटानंच तुडवलं. पडद्यावर येणार हाय आता. अख्खा महाराष्ट्र बघल, हरिबाला घोंगडीवर बुटानं तुडवला म्हणून. तुझ्या देवाला बी दिसल."

मी नाचले त्या घोंगडीवर. राख उडायली, डोळ्यात पाणी आलतं, तरी नाचले. सटवानं खांद्यावरची कुऱ्हाड हातात घेतली. ती रबराची नव्हती.

"उतर गं भवाने! म्या त्याचा जीव घेतला, पर त्याच्या घोंगडीवर पायताण न्हाई ठेवलं! चोर म्हणला मला, नांदूरघाटच्या बाजारात, चार माणसात! त्याची दोन बकरं इकली म्हणून! मारला त्याला, व्हय, मारला! पर पायताण बाभळीबुडी काढलतं!"

आन धावला. कुऱ्हाड डोक्याच्या वर, तोंडाला फेस. मला मारायला आला आन घोंगडीच्या काठाशी थांबला. कुऱ्हाड वरच व्हती. पायानंच त्यानं एक वहाण काढली, मग दुसरी काढली, आन मगच घोंगडीवर पाय ठेवला.

तेवढ्यात मला पळता आलं असतं. पर मी त्याच्या अनवाणी पायाकडं बघत राहिले. कोर्टातला पाय त्यो. घाव आला तवा मी डावा हात आडवा घातला. कुऱ्हाड कोपराच्या खाली हाडात गेली आन अडकली, त्यानं शिकवलं तशीच. त्यानं माझ्या छातीवर पाय दिला आन वढली. माझा हात कातड्याला लोंबत व्हता. मी किंचाळले ते परळीच्या शिवाजीनगरापर्यंत ऐकू गेलं म्हणत्यात.

दुसरा घाव आला न्हाई. भामाबाईनं काठी घातली त्याच्या कानशिलात. तो गुडघ्यावर आला, तिनं परत घातली. त्याचा डोळा फुटला. "वैनी, वैनी" करायला लागला, तवा तिनं तोंडावरच घातली. ती नुसती मारत व्हती. युनिटच्या सहा गड्यांना तिला आवरता येईना. काठी मोडली तवाच थांबली.

कॅमेरा चालूच व्हता.

आंबाजोगाईच्या दवाखान्यात माझा हात कापला. सटवा वाचला, जेलात हाय, एका डोळ्यानं बघतोय. अमरसिंह भेटायला आला, संत्री घेऊन. आंबट निघाली सगळी. फळवालीला फळं आणतो, आन ती बी अशी!

"ताई, शेवट बदललाय," तो म्हणला. "लेखक पुस्तकसुद्धा बदलतायत. तुमच्या परवानगीनं तो शॉट..."

"माझा हात दाखवू नका," मी म्हणले. "त्यानं वहाणा काढल्या, तेवढं दाखवा. सगळ्यांना दिसल असं दाखवा."

घरी आल्यावर एका सकाळी भामाबाई गॅरेजवर आली. बगलेत घोंगडी. धुतली व्हती, पर माझ्या रगताचा डाग काय निघाला नव्हता. दाराशीच तिनं चपला काढल्या. आत तेल सांडलेलं, लोखंडाचा कीस पडलेला.

जमील गडबडला. "आक्का, चपला घाला. पायात पत्रा घुसल."

"घुसू दे," ती म्हणली, आन अनवाणीच आत आली. तेलातच तिनं घोंगडी पसरली. "बस भाऊ. त्यांच्या घोंगडीवर बस. लई वर्स मी तुला शिव्याशाप दिले."

मी म्हणले, "आक्का, मी तुडवली तुमची घोंगडी."

तिनं मान हलवली. डोळ्याला पदर लावला आन एका कडंला बसली, आमची वाट बघत.

जमीलनं घोंगडीकडं बघितलं, मग आपल्या तेलकट बुटाकडं. जन्मात कधी माझ्या घरात काढले न्हाईत ते बूट काढायला खाली वाकला. पर त्याच्या मोडक्या बोटांनी नाडी सुटंना. मी खाली बसले. माझ्या एका हातानं बी सुटंना. मग एक टोक त्यानं धरलं, एक मी धरलं, आन दोघांनी मिळून गाठ सोडली.