चढताना झाकलेला आकडा

टेकडीच्या माथ्यावर त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. विजेवर चालणाऱ्या रिक्षा, व्हॅन, मालाचे छोटे टेम्पो, सगळे रांगेने उभे आणि प्रत्येक गाडीपुढे तिचा मालक हात जोडून. निर्धूरबाबा एकेका बॉनेटवर तळवा टेकवायचे, डोळे मिटायचे, ओठ हलवायचे, की झालं! गाडी उताराला लागायची, आतल्या पडद्यावरचं कापड बाजूला व्हायचं. बेचाळीस टक्के. दुसऱ्या वळणावर त्रेचाळीस. पायथ्याशी सत्तेचाळीस. ना वायर, ना प्लग!

"वाढले! वाढले!" असा पुकारा व्हायचा आणि चांगली शिकलीसवरलेली माणसं डोळे पुसायची.

बाबांची जीभ तर काय विचारता! "अरे, भिंतीतून येते ती वीज कुठली? कोळशाची! तुम्ही गाडी बदललीत, पाप तेच ठेवलंत. आधी तुमच्या नळकांड्यातून धूर निघायचा, आता दुसऱ्याच्या गावात निघतो. माझी वीज निर्धूर. ती अंतराळातून उतरते, माझ्या तळव्यातून वाहते आणि थेट तुमच्या बॅटरीत शिरते. कोळसा नाही, बिल नाही, पाप नाही!"

यातलं धुराचं बोलणं अगदीच खोटं नव्हतं, म्हणून तर बाकीची थाप लोकांना पचायची. आणि बाबांचा नियम एकच होता. टेकडी चढताना पडद्यावर कापड टाकायचं. "आकडा बघत चढाल तर मीपणा चढेल," असं ते सांगायचे. झाकलेला आकडा आशीर्वादानंतरच उघडायचा.

गर्दीत ताई उभी होती, कपाळाला आठ्या घालून. ताई बसडेपोत फिटर. सोळा वर्षं बसच्या चाकाखाली गेलेली, नखांतली काजळी आता साबणालाही जुमानत नव्हती. ती इथे आली होती ती धाकट्या भावापायी. धाकट्याची विजेवरची व्हॅन होती, आणि त्या व्हॅनच्या मधल्या सीटवर आठवड्यातून तीनदा त्यांची आई बसायची. आईची मूत्रपिंडं निकामी झाली होती. रक्त गाळून घ्यायला बावन्न किलोमीटरवरच्या इस्पितळात जायचं. गेलं तर जगायचं, इतका सरळ हिशेब.

आणि या दीडशहाण्याने घरातला चार्जिंगचा बोर्ड भिंतीतून उपटून काढला होता!

व्हॅन उतरून पायथ्याशी आल्यावर धाकटा म्हणाला, "स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंस ना, ताई? बेचाळीसचे सत्तेचाळीस!"

"बघितलं. आणि पायथ्याशी निघताना किती होते?"

"ते कोण बघतं? कापड असतं ना."

"मी निघतानाच कापड उचलून बघितलं, तू पुढे बघत होतास तेव्हा. एकसष्ट होते. चढणीने एकोणीस खाल्ले आणि उताराने पाच परत दिले. त्या पाचासाठी तू नाचतोयस?"

धाकट्याचा चेहरा पांढराफटक पडला, पण तो भलत्याच कारणाने. "कापड उचललंस? आई गाडीत असताना? शंका घेतली की शक्ती गळते, माहीत आहे ना तुला?"

"अरे, काल शनिवार होता. काल आईची पाळी होती इस्पितळात. तू तिला इथे घेऊन आलास! मंगळवारी तरी नीट ने. माझ्या घरून वायर टाक, रात्रभर लावून ठेव गाडी."

"धुराची वीज मी घेणार नाही," तो म्हणाला. आई आत बसून दोघांकडे आळीपाळीने बघत होती. तिने कुणाचीच बाजू घेतली नाही.

मंगळवारी ताईची सकाळची पाळी होती. धाकटा निघाला तेव्हा पडद्यावर चोवीस होते. बाबांनी सांगितलं होतं, वाटेत वाढतील. सपाट रस्त्यावर कुठले वाढायला? वाटेत चार्जिंगची जागा लागली, तेव्हा आई म्हणाली, "अरे, इथे लाव ना थोडा वेळ." तो म्हणाला, "गप्प बस, शंका घेऊ नकोस." इस्पितळ नऊ किलोमीटर राहिलं असताना व्हॅन रस्त्याच्या कडेला उभी राहिली ती राहिलीच. धाकट्याने रुग्णवाहिकेला नाही, बाबांना फोन केला. बाबा म्हणाले, तळवा टेकव आणि डोळे मीट. त्याने दीड तास डोळे मिटले. शेवटी एका ट्रकवाल्याने आईला उचलून नेलं. पाच दिवस रक्त न गाळलेलं तिचं हृदय इस्पितळाच्या दारातच थांबलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दोन तास आधी आला असतात तर." एवढंच.

आणि बाबा काय म्हणाले? "आईच्या मनात शंका होती. शंकेने शक्ती गळली." धाकट्याने ते वाक्य बुडत्या माणसाने धरावं तसं धरलं. चूक आईचीच. किंवा ताईची, जिने कापड उचललं. पुढच्या रविवारी तर बाबांनी भर गर्दीत मेलेल्या बाईचा धडा करून सांगितला, आणि तिचा मुलगा शेजारी उभा राहून मान डोलावत होता.

त्याच्या पुढच्या रविवारी टेकडीवर नेहमीच्या फेरीची बस आली. विजेचीच. चालवत होता भोंगा, ज्याचा आवाज डेपोच्या या टोकाहून त्या टोकाला ऐकू जायचा. ताई खाली उतरली आणि सगळ्यांसमोर हात जोडून म्हणाली, "बाबा, आमची बस खाली निघाली आहे. तुम्ही नुसते आत बसा. बघू या काय होतं ते."

बाबांना काय, आयतीच संधी! ते पहिल्या सीटवर बसले. मागून चाळीस भक्त चढले, धाकटाही चढला. बस उताराला लागली. "त्रेसष्ट!" भोंगा ओरडला. "चौसष्ट! सहासष्ट!" पायथ्याशी सदुसष्ट. बाबांनी तळवा उंचावला. "बघा! हात न लावता, नुसता बसलो तरी!"

"वाढले! वाढले!"

"छान," ताई म्हणाली. "भोंग्या, वळव गाडी. बाबा आत आहेतच, आता वर जाऊ. आणि कापडबिपड काही टाकायचं नाही."

बाबा उठायला लागले. "मला जरा उतरू दे."

"इथे थांबा नाही," भोंगा म्हणाला आणि दार लावून घेतलं.

मग ती चढण! "पासष्ट!" भोंग्याने गर्जना केली. "त्रेसष्ट! बाबा, हात लावा की! एकसष्ट!" बाबांनी खरंच तळवा टेकवला. "एकोणसाठ! अहो, दोन्ही हात लावा!" मागे कुणीतरी खुदकन हसलं. बाबांच्या मानेवरून घाम ओघळत होता. ते पुटपुटले, "शक्ती वरून खालीच वाहते."

"पाणीसुद्धा!" भोंगा म्हणाला आणि अख्खी बस फिदीफिदी हसायला लागली. याच माणसाच्या पायांवर ती माणसं तासाभरापूर्वी लोळत होती.

माथ्यावर पन्नास. भोंग्याने बस बाबांच्या मठामागे नेऊन वळवली, आणि सगळ्यांना दिसलं. तिथे बाबांची स्वतःची गाडी उभी होती, भिंतीतल्या प्लगला जोडलेली, धुराची वीज घटाघटा पीत.

ताईने पिशवीतून ब्रेकचे दोन लायनर काढले, चाकाला घासून गाडी थांबवणारे तुकडे. एक झिजून पातळ झालेला, दुसरा जाडजूड. "हा डिझेलच्या बसचा, पाच महिन्यांचा. हा विजेच्या बसचा, तीन वर्षांचा. का झिजला नाही? कारण उतारावर ही गाडी ब्रेक घासून थांबत नाही. चाकं मोटर फिरवतात, फिरणारी मोटर वीज करते, ती बॅटरीत जाते. चढताना घातलेल्यातला थोडा भाग परत मिळतो, बस्स. प्रत्येक गाडीत मिळतो, पापी माणसाच्यासुद्धा. माणसाच्या डोक्याने केलेली केवढी छान गोष्ट आहे ही! आणि तुम्ही तिचं श्रेय या भामट्याला दिलंत."

"ताई, थांब," धाकटा म्हणाला. "हे खरं असेल तर मग आई..."

ताई थांबली. त्याच्यापुरतं खोटं बोलणं शक्य होतं. पण गर्दीत एक बाई कडेवर तापाने फणफणलेलं मूल घेऊन उभी होती आणि तिच्या रिक्षाच्या काचेवर बाबांचा शिक्का होता.

"हो," ताई म्हणाली. "आई शंकेने गेली नाही. गाडी चार्ज केली नव्हती म्हणून गेली."

धाकटा जागच्या जागी खाली बसला. गर्दीला तेवढंच हवं होतं. "आईला मारलंन् मेल्याने!" कुणीतरी ओरडलं. "थू!" वाढले वाढले म्हणणारे तेच गळे.

"खबरदार!" ताई कडाडली. "तुम्ही टाळ्या पिटल्यात म्हणून त्याने बोर्ड उपटला. विजेचा धूर डाचतो ना तुम्हाला? मग छपरावर सौर पत्रे बसवा, एकेकट्याच्या गाड्या घरी ठेवा आणि बसने फिरा. ते कष्टाचं आहे, म्हणून तुम्हाला बाबा हवा असतो. कुणीही काहीही वाढवून दाखवलं, तर आधी विचारा, पहिल्यांदा किती होतं आणि हे आलं कुठून. उत्तर देणारा चिडला, तर तिथून उठा. आणि माणूस आजारी असेल तर वाट बघू नका, रुग्णवाहिका बोलवा!"

बाई मूल घेऊन बसमध्ये चढली. मागोमाग आणखी काहीजण चढले. सगळे नाही.

"तिने हात पुढे केला होता, ताई," धाकटा जमिनीकडे बघत म्हणाला. "पाणी मागत होती. मी डोळे मिटून बसलो होतो."

ताई त्याच्या शेजारी बसली. तुझी चूक नाही, हे शब्द तिच्या ओठांवर आले होते. तिने ते गिळले, कारण ते खोटं होतं. तिने फक्त त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि तो गुरासारखा हंबरून रडायला लागला.