ओकची फळी

आमच्या जंगलपट्ट्यात माणूस गेला की त्याला फळीवर निजवतात. पुरून आलं की त्याच फळीवर नाव कोरून ती रस्त्याकडेला उभी करायची. पावसाबर्फानं ती कुजून पडली की जीव सुटला. तोवर तो तिकडे आगीत वाट बघत बसतो. म्हणून शहाणी माणसं फळी हलक्या लाकडाची घेतात.

माझ्या पोरीला, ऑटिलीला, ओकची फळी मिळाली. डॉक्टर हाल्मरनी दिली.

दिली भल्यासाठीच. मी त्यांच्याकडे स्वयंपाकपाणी बघायचे आणि ऑटिली त्यांच्या अंगणात वाढली. कडीला हात पुरायचा नाही म्हणून दार नखांनी खरवडायची, आणि डॉक्टर हातातलं काम टाकून उघडायचे. घटसर्पानं ती गेली तेव्हा ते तिच्या उशाशी डोकं धरून बसले होते. पण शहरचा माणूस, आमच्या रीती त्यांना काय ठाऊक? सुताराला म्हणाले, सगळ्यात टिकाऊ लाकूड दे. मला कळेपर्यंत पोरीला त्यावर निजवूनही झालं होतं, आणि एकदा निजवलं की फळी बदलता येत नाही.

"नातवंडं म्हातारी होतील तरी पडायची नाही ही," सुतार झाव्हर म्हणाला.

"मग नको म्हणायचं होतंस."

"डॉक्टरला? मग उद्या माझं गळू कोण कापणार, तू?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "एक वाट आहे, आफ्रे. दुसऱ्या कुणाला तिच्यावर निजवलं तर पहिला सुटतो, अन् राहिलेलं सगळं दुसऱ्याच्या गळ्यात पडतं. पण असलं पाप कोण करील?"

मी त्याला हाकलून दिलं.

डॉक्टरांना वेड एकच, दगडफुलाचं. रोगी खोकत बसलेला आणि हे कुंपणाला भिंग लावून उभे. दगडावरचं, कौलावरचं, झाडावरचं, सगळं खरवडून पुड्या बांधायचे आणि कपाटात ठेवायचे. कुणी औषधासाठी तगादा लावला की म्हणायचे, "घाई कसली? दगडफुलाला बघा. नखभर वाढायला निम्मं आयुष्य घेतं."

ऑटिलीच्या फळीवरही दगडफूल धरलं. नाव झाकलं की आग निवते, असं आमच्यात मानतात. दर रविवारी प्रार्थना आटपून मी बघायला जायचे. वर्षांमागून वर्षं गेली आणि शेवटचं अक्षर तेवढं उघडं उरलं. माझा जीव हलका व्हायला लागला होता.

मग एका रविवारी गेले, तर नाव लख्ख. अक्षर न् अक्षर उघडं आणि कडेला चाकूच्या रेघा.

घरी डॉक्टर खरवडून आणलेल्या दगडफुलाची पुडी बांधत टेबलाशी खुशीत बसले होते.

"ते ऑटिलीचं आहे, डॉक्टर."

"अहो आफ्राबाई, हे इकडे कधी कुणाला सापडलंच नव्हतं. पुडीवर तिचंच नाव घातलंय, बघा."

"तिचं नाव उघडं पडलं तिकडे."

"परत येईल की. घाई कसली?"

"हे आता मेलं का?"

"छे. झोपलंय. पाणी मिळालं की वर्षांनीसुद्धा जागं होतं. मेलेलं म्हणता येत नाही, जिवंतही म्हणवत नाही."



पानगळीत धुकं उतरलं आणि कपाट वाजायला लागलं. खर्र, खर्र, अगदी खालच्या अंगाला, जिथे लहान मुलाचा हात पोचतो तिथे.

"उंदीर," डॉक्टर म्हणाले. सापळा लावला. रोज सकाळी चीज जसंच्या तसं.

एका दुपारी पाऊस लागला होता. आवाज सुरू झाला आणि डॉक्टरांनी स्वतः कपाट उघडलं. बाकीच्या पुड्या होत्या तशा, कोरड्या, करड्या. ऑटिलीची पुडी हिरवीगार होऊन फुगली होती. कागद कोरडा होता, तरी दगडफूल त्यातून बाहेर आलं होतं आणि शाईतल्या नावावर चढलं होतं. शेवटचं अक्षर तेवढं उघडं उरलं होतं. डॉक्टरांनी बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. 'घाई कसली' म्हणतील म्हणून मी वाट बघितली. ते पुडी आणि डिंकाची वाटी उचलून तसेच पावसात गेले.

अंधारून आलं तरी परत येईनात, म्हणून मी मागे गेले. ते फळीला तळहात दाबून उभे होते, नखशिखांत भिजलेले.

"चिकटत नाही, आफ्राबाई," ते म्हणाले. "काही केल्या चिकटत नाही."

पुडी पुन्हा कपाटात गेली आणि डॉक्टर अंथरुणात. छाती भरली. शुद्धीवर होते तेव्हा मला जवळ बोलावून म्हणाले, "माझीही फळी ओकचीच घ्या. दगडफूल तिच्यावर छान धरतं."

मी त्यांचं कपाळ पुसलं. कपाट खरवडतच होतं.

"ओकचीच घेते, डॉक्टर," मी म्हटलं.

ते गेले तशी झाव्हर माप घ्यायला आला.

"नवी नको," मी म्हटलं. "रस्त्यावरची काढून आण."

त्यानं मापाची दोरी खाली ठेवली. "आफ्रे, त्यांचं मीठ खाल्लंयस तू."

"म्हणून तर त्यांना न्हाऊ घातलं, इस्त्रीचा सदरा घातला. आण ती फळी."

ऑटिलीचं नाव खाली करून आम्ही त्यांना तिच्यावर निजवलं. फळी करकरली. कपाटातला आवाज मधेच तुटला, दार उघडल्यावर तिचा तुटायचा तसा. पुडी उघडली तर आत चिमूटभर राख. पोर गेल्यापासून जे रडू आलं नव्हतं, ते मला तिथे आलं.

डॉक्टरांचं वाईट वाटतं का? वाटतं. जन्मभर वाटेल. भला माणूस होता. पण मी आई आहे.

आता फळीवर त्यांचं नाव आहे, आणि पहिल्या अक्षराच्या पोटात करडा ठिपका धरलाय. ओल्या हवेत तिथून जाताना खाकरल्याचा आवाज येतो, बोलायच्या आधी ते खाकरायचे तसा. अधूनमधून शहरातून त्यांच्यासारखेच दगडफुलाचे वेडे स्नेही येतात, फळीपुढे टोपी काढतात आणि ठिपका दिसला की खिशात चाकू चाचपतात. मी मधे उभी राहते.

"हात लावू नका," मी म्हणते. "डॉक्टरांना आता घाई आहे."