दुहेरी घडीची ट्यूब

चिमीला आपल्या हुशारीचा भारी अभिमान. अठरा वर्षं दातांच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंच्या हाताखाली काढलेली. खुर्चीत बसण्याआधीच कोणता पेशंट घाबरणार, हे ती दारातच ओळखायची.

तोंडाच्या आगीवर सीबीडीचं जेल चालतं का, हे बाई तपासत होत्या. सीबीडी गांजाच्या झाडातलंच, पण नशा न आणणारं. निम्म्या ट्यूबांत औषध, निम्म्यांत नुसतं जेल. कुठल्या नंबरात काय, हे खुद्द बाईंनाही ठाऊक नव्हतं. यादी बंद पाकिटात. पेशंटांत चिमीची आईही होती. वर्षभर तिची जीभ पेटलेली, कोमट पाण्याच्या घोटानंही डोळ्यांत पाणी यायचं. लेकीच्या जिवाला घोर लागला होता.

चिमीनं ट्यूबा निरखल्या. आईच्या ट्यूबच्या टोकाला साधी घडी, पुढच्या नंबरच्या न्हावीकाकांच्या ट्यूबला दुहेरी. खरं औषध जास्त जपून बंद केलेलं असणार, असं तिनं ताडलं. अतिशहाणी! तिनं दोन्ही ट्यूबांची लेबलं आपसांत बदलून टाकली.

तीन आठवड्यांत आई वाफाळता चहा पिऊ लागली. न्हावीकाका होते तसेच राहिले. चिमी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होती.

आज बाईंनी पाकीट फोडलं. "तुझ्या आईच्या नंबरात खरं औषध होतं गं! आणि काकांना नुसतं जेल."

चिमीच्या पायांखालची जमीन सरकली. म्हणजे आई नुसत्या जेलवर बरी झाली होती, आणि औषध काकांच्या तोंडात वाया गेलं होतं. सांगावं तर नोकरी जाणार, बाईंची मेहनत मातीत, आणि कळल्यावर आईची जीभ पुन्हा पेटली तर? न सांगावं तर हा खोटा निकाल छापून येणार. तिला स्वतःचीच चीड आली. तरी बोलायचंच, असं ठरवून तिनं तोंड उघडलं.

तेवढ्यात न्हावीकाका आत आले. ठरल्याप्रमाणे नुसतं जेल मिळालेल्यांना आता खरं औषध द्यायचं होतं. बाईंनी नवी ट्यूब फोडून स्वतःच्या हातानं औषध त्यांच्या जिभेवर लावलं. "काका, हे खरं हं."

काकांनी डोळे मिटले. जरा वेळानं उघडले तेव्हा ते भरून आले होते.

"आग उतरतेय, ताई," ते चिमीचा हात धरून म्हणाले. "खरंच उतरतेय."

"पाहिलंत?" बाकावरून आई म्हणाली. "माझंही अगदी अस्संच झालं होतं."

बाईंनी साक्षीदाराच्या सहीसाठी निकालाचा कागद चिमीपुढे सरकवला. काकांनी धरलेला हात चिमीनं हळूच सोडवून घेतला आणि पेन उचललं.